गेटच्या आतला भाव

ताईबरोबर प्रवास म्हणजे घड्याळाबरोबर प्रवास. तिला मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यामुळे "आता राहू दे, उतरल्यावर खाऊ" हे तिच्या बाबतीत चालत नाही. वेळ झाली की पोटात काहीतरी जायलाच हवं, मग ते कितीलाही मिळो. विमानतळावर तिप्पट भावाची कॉफी पिऊन वर तक्रार करणारे आपण सगळे तसे हौशी गिऱ्हाईक. नाइलाजाचं गिऱ्हाईक कसं असतं ते तिच्याबरोबर हिंडल्यावर कळतं.

भाचा अमेरिकेत, ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडला असतो. त्याच्याकडे जायचं आणि परतीच्या वाटेवर ताईला कधीपासून बघायचं असलेलं अथेन्स करायचं, असा बेत होता. मला विमानतळांवरच्या पावत्या जपून ठेवायची खोड आहे. ताई त्याला 'कारकुनी' म्हणते. या वेळी त्या कारकुनीचा उपयोग झाला.

मंगळवार : सिंगापूर, आणि पुन्हा मंगळवारच

विमान सकाळचं होतं. चांगीला, म्हणजे सिंगापूरच्या विमानतळावर, आम्ही मुद्दाम लवकर पोहोचलो, कारण मला टर्मिनल २ मधलं कर्मचाऱ्यांचं कँटीन बघायचं होतं. ते कारपार्कच्या इमारतीत आहे. पाट्या बघत, लिफ्ट बदलत जावं लागतं आणि अर्ध्या वाटेत आपण चुकीच्या दाराने शिरलो असं वाटायला लागतं. पण तिथे कोणीही जाऊन खाऊ शकतं. कर्मचाऱ्यांना ओळखपत्रावर थोडं स्वस्त, बाहेरच्यांना थोडं जास्त. तरीही ते 'जास्त' वरच्या चकचकीत मजल्यावरच्या भावापेक्षा पुष्कळ कमी. रात्रपाळी संपवून आलेले लोक गणवेशातच जेवत होते. त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून ताईने भात आणि दोन भाज्या शांतपणे संपवल्या.

विमानतळावर काम करणारा माणूस रोज विमानतळाच्या भावाने जेवूच शकत नाही, म्हणून जवळजवळ प्रत्येक मोठ्या विमानतळावर अशी जागा कुठेतरी असते. चांगीत ती सगळ्यांना उघडी आहे, एवढाच फरक.

चांगीची दुसरी गंमत पाण्याची. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सामानाची तपासणी एका ठिकाणी होत नाही, प्रत्येक गेटच्या तोंडाशी होते. म्हणजे पासपोर्टची तपासणी झाल्यावर आत बाटली भरून घेतली, तर गेटवर ती पुन्हा ओतून द्यायची. आमच्या पुढचा मुलगा दुकानातून नुकतीच विकत घेतलेली बाटली घटाघटा संपवत होता. आम्ही रिकामी बाटली नेली आणि गेटच्या आतल्या नळावर भरली.

१०० मिलीलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतून द्रव आत न्यायचा नाही, हा नियम २००६ सालचा. ऑगस्टमध्ये ब्रिटनमध्ये द्रवरूप स्फोटकांनी विमानं उडवण्याचा कट उघडकीला आला आणि त्यानंतर जगभर पाण्याच्या बाटल्यांवर गदा आली. नियम सुरक्षेसाठीच झाला, पण त्या दिवसापासून तपासणीच्या आत शिरणारा प्रत्येक माणूस तहानलेला आणि रिकाम्या हाताचा झाला. आतल्या दुकानदाराला याहून चांगली जाहिरात कोण करून देणार?

पंधरा-सोळा तास उडून, वाटेत तारखेची रेषा ओलांडून, आम्ही सॅन फ्रान्सिस्कोला उतरलो तेव्हा तिथेही मंगळवारची सकाळच होती. एका मंगळवारात दोन सकाळी. इन्सुलिनच्या डोसाचं गणित ताईने डॉक्टरांकडून आधीच लिहून आणलं होतं, पण पोटाला ते कोण सांगणार! उतरल्या उतरल्या तिला भूक.

विमानात मिळालेलं सफरचंद तिच्या पिशवीत होतं. ते मी कस्टमच्या रांगेच्या आधीच टोपलीत टाकायला लावलं आणि त्यावरून बोलणी खाल्ली. पण २०१८ मध्ये पॅरिसहून अमेरिकेत आलेल्या एका बाईंना विमानात फुकट मिळालेलं सफरचंद न सांगता बॅगेत ठेवलं म्हणून ५०० डॉलर दंड झाला होता. फुकटच्या खाण्याला एवढा भाव दुसरीकडे कुठे पडला असेल असं वाटत नाही.

पोर्टलंडच्या विमानासाठी पुन्हा तपासणी. इथे ताईच्या पिशवीत फळांच्या रसाचा डबा होता, १०० मिलीलिटरपेक्षा मोठा. साखर अचानक उतरली तर लागतो. अमेरिकेत औषधी गरजेचे द्रवपदार्थ, त्यात मधुमेह्यांचा रसही आला, जास्त प्रमाणात नेता येतात. फक्त आधी सांगायचं आणि वेगळे काढून दाखवायचे. अधिकाऱ्याने डबा उलटसुलट बघितला, वरून एक पट्टी फिरवली, यंत्रात घातली आणि परत दिला. घरून आणलेलं कोरडं खाणंही आत जातं, सँडविच, बिस्किटं, सुका मेवा, काहीही. अडतं ते दही, जॅम, पीनट बटर अशा लिबलिबीत गोष्टींवर. पीनट बटर हा 'द्रव' आहे असं अमेरिकी सुरक्षा खात्याने ठणकावून सांगितलेलं आहे. त्यावर वाद घालायला रांगेत उभं राहू नये.

सॅन फ्रान्सिस्कोत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या विकायला ऑगस्ट २०१९ पासून बंदी आहे, म्हणून जागोजागी बाटली भरायचे नळ आहेत. पाणी फुकट. खाणं मात्र महाग आणि ते का, याचं एक उत्तर काउंटरपलीकडे उभं असतं. सप्टेंबर २०२२ मध्ये याच विमानतळावरच्या खाद्यदुकानांतल्या सुमारे हजार कामगारांनी संप केला होता. त्यांतल्या बहुतेकांना तासाला १७ डॉलर ५ सेंट मिळत होते आणि त्या शहरात तेवढ्यात भागत नाही. तीन दिवसांत समझोता झाला आणि तासाला ५ डॉलरची वाढ मान्य झाली. तेव्हा सँडविचची पाटी बघून सगळा राग काउंटरवरच्या मुलीवर काढण्यात अर्थ नाही. तिच्या पगाराचा वाटा त्या भावात असेल तर असू दे. प्रश्न उरलेल्या भावाचा आहे, तो कोणाकडे जातो?

बुधवार, गुरुवार : पोर्टलंड

हे दोन दिवस घरात, भाच्याच्या हातचं खाण्यात आणि झोपेचं गणित जुळवण्यात गेले. लिहिण्याजोगी गोष्ट एकच. गुरुवारी भाचा आम्हाला शहरातल्या एका कॉफीच्या दुकानात घेऊन गेला आणि मला म्हणाला, "मावशी, तुला पावत्यांचं वेड आहे ना? मग या भिंतीवरच्या भावफलकाचा फोटो काढून ठेव. उद्या लागेल." मी काढला. दुकानदाराने बघितलं आणि फारसं मनावर घेतलं नाही.

शुक्रवार : पोर्टलंडचा विमानतळ

त्याच दुकानाची शाखा विमानतळावर आहे. तपासणी आटपून आत गेलो, त्या काउंटरसमोर उभी राहिले, फोनवर कालचा फोटो मोठा करून धरला आणि ओळीओळीने ताडून बघितलं. साधी कॉफी, तेच. दूध घातलेली, तेच. मोठा कप, लहान कप, वर ओव्हनमधले दोन-तीन पदार्थ, सगळं सेंटासकट तेच. ताई म्हणाली, "अगं, लोक बघतायत." बघू देत. विमानतळावर आतला आणि बाहेरचा भाव एक असलेला मी डोळ्यांनी पहिल्यांदा बघत होते.

ही दुकानदाराची मेहेरबानी नाही. हा विमानतळ पोर्ट ऑफ पोर्टलंड या सार्वजनिक संस्थेचा आहे आणि तिच्या करारातच अट आहे की बाहेरच्या दुकानापेक्षा आत जास्त भाव लावायचा नाही. रस्त्यावरचा भाव तोच विमानतळावरचा. वर ओरेगन राज्यात विक्रीकरच नाही, त्यामुळे पाटीवर जे लिहिलंय तेच बिलावर येतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये उघडलेल्या नव्या इमारतीवर नऊ एकरांचं लाकडी छप्पर आहे, आणि ते खरोखर मान वर करून बघत राहावं असं आहे. पण मी जास्त वेळ बघितला तो भावफलकच.

इथेही माल तपासणीतूनच आत येतो, इथेही कामगारांची पार्श्वभूमी तपासून पास द्यावे लागतात, इथेही जागा कमी आणि गोदाम त्याहून कमी. विमानतळावर महागाई का, असं विचारलं की ही सगळी कारणं सांगितली जातात आणि ती खोटी नाहीत. पण तीच कारणं असताना एक विमानतळ बाहेरच्या भावात विकू शकतो. म्हणजे फरक कुठेतरी दुसरीकडे आहे.

तो बहुतेक ठिकाणी भाड्यात असतो. विमानतळावरच्या दुकानाचं भाडं शहरातल्या गाळ्यासारखं ठरलेलं नसतं. विक्रीच्या काही टक्के, किंवा वर्षाची किमान हमी रक्कम, यांतलं जे जास्त ते विमानतळाला द्यायचं, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. दुकानाने कॉफी महाग विकली की विमानतळाचा वाटाही आपोआप वाढतो. जगभरच्या विमानतळांच्या उत्पन्नात विमानांशी थेट संबंध नसलेल्या गोष्टींचा, म्हणजे दुकानं, पार्किंग, खाणंपिणं, जाहिराती यांचा हिस्सा साधारण ४० टक्क्यांच्या घरात असतो. मग भाव कमी ठेवा असं दुकानदाराला सांगायचं कोणी? ज्याला सांगायचा अधिकार, त्याचाच वाटा.

ताईने वेळेवर खाल्लं, बिल बघून भुवई उंचावली नाही. प्रवासात प्रथमच.

शुक्रवार रात्र, शनिवार : न्यूयॉर्क

केनेडी विमानतळावर उतरेपर्यंत रात्र झाली होती आणि हॉटेलवर जाऊन झोपलो. खरा अनुभव शनिवारी संध्याकाळी झुरिकच्या विमानाची वाट बघताना.

न्यूयॉर्कच्या विमानतळांनाही नियम आहे. केनेडी, लाग्वार्डिया आणि नेवार्क हे तिन्ही न्यूयॉर्क-न्यू जर्सी पोर्ट ऑथॉरिटीच्या ताब्यात आहेत. जुलै २०२१ मध्ये लाग्वार्डियावरच्या एका मेनूचा फोटो एका प्रवाशाने टाकला. त्यात बिअरच्या एका ग्लासाचा भाव २७ डॉलर ८५ सेंट होता. गदारोळ झाला, चौकशी झाली आणि काही ग्राहकांना बिअरमागे २३ ते २७ डॉलर लावल्याचं निघालं. पुढच्या वर्षी ऑथॉरिटीने नियम कडक केले. तेव्हा ठरलं ते असं : बाहेरच्या भावापेक्षा जास्तीत जास्त १० टक्के, आणि हे तपासायला हिशेब तपासणीही.

आता १० टक्के ऐकायला बरं वाटतं. पण १० टक्के कशावर? बाहेरच्या 'तशाच' दुकानाच्या भावावर. न्यूयॉर्कमध्ये बाहेरचं तसंच दुकान मुळात केवढ्याला विकतं ते सांगायला नको. नियम पाळूनही माणूस हबकेल इतका भाव तिथे बसतो.

शिवाय पाटीवरचा भाव हा तिथे शेवटचा भाव नसतोच. आम्ही गेटजवळच्या एका उपाहारगृहात बसलो. टेबलावर माणसाऐवजी स्क्रीन. ताईच्या जेवणाची वेळ होऊन गेली होती, त्यामुळे निवड करायला सवड नव्हती. तिने सॅलड आणि सूप निवडलं. स्क्रीनवर बेरीज आली, मग तिथला विक्रीकर ८.८७५ टक्के, मग टिप. टिपेची तीन बटणं मोठी आणि रंगीत, 'काही नको' हे चौथं खाली बारीक राखाडी अक्षरांत. जेवण अजून आलेलंही नाही, आणणारा माणूस कोण ते माहीत नाही, आणि बक्षिशी आधी ठरवायची! मेनूत २० डॉलर दिसणारा पदार्थ कर आणि २० टक्के टिप धरून २५ डॉलर ७८ सेंटला पडतो. पोर्टलंडमध्ये २० म्हणजे २० होते, ते नुकतंच बघून आल्यामुळे हे जास्त बोचलं.

सूप आलं ते कोमट. ताईने ते तसंच प्यायलं. पलीकडच्या टेबलावर एक बाई बॅगेतून डबा काढून निवांत जेवत होत्या आणि दर थोड्या वेळाने त्यांच्यासमोरची स्क्रीन 'आणखी काही हवं का?' विचारत होती. त्यांनी शेवटी तिच्यावर स्कार्फ टाकला.

रविवार : झुरिक

झुरिकला उतरलो ती रविवारची सकाळ. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. अपवाद रेल्वे स्थानकांचा आणि विमानतळाचा. त्यामुळे झुरिकच्या विमानतळावर रविवारी वेगळंच दृश्य दिसतं. विमानाशी काही संबंध नसलेली माणसं पिशव्या घेऊन आठवड्याचा बाजार करायला आलेली असतात. मिग्रोस आणि कूप ही दोन्ही मोठी सुपरमार्केटं तिथे आहेत, तपासणीच्या अलीकडे, स्थानकाला लागूनच. कोबीची गड्डी आणि दुधाचे डबे घेतलेले आजोबा रांगेत, त्यांच्या मागे झोप न झालेल्या आम्ही दोघी.

अथेन्सच्या विमानाला बराच अवकाश होता आणि व्हिसा होता, म्हणून बाहेर पडलो. पाव, चीज, काकडी, दही. दही बाहेरच्या बाकावर बसून संपवलं, कारण पुन्हा आत जाताना ते 'द्रव' झालं असतं. बाकीचं आत नेलं. स्वित्झर्लंड महाग, हे सगळ्यांना माहीत आहे. पण विमानतळावर गावकरी जिथे भाजी घेतात तिथे खाल्लं, तर निदान गावाच्या भावात खाता येतं. बाहेर पडायला वेळ आणि व्हिसा दोन्ही असतील तर विमानतळाच्या अलीकडच्या बाजूला रेल्वे स्थानक कुठे आहे ते आधी बघावं. दुकानं बहुधा तिथेच सापडतात.

आणि मग विमानाला उशीर. आधी चाळीस मिनिटं, मग दीड तास, मग फलकावर वेळच नाही.

युरोपीय महासंघाचा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम २००६ पासून स्वित्झर्लंडलाही लागू आहे. त्यात भरपाईची मोठी रक्कम सगळ्यांना माहीत असते, पण नववं कलम फारसं कोणी वाचत नाही. उशीर ठरावीक तासांपलीकडे जाणार असं दिसलं, की थांबण्याच्या वेळेला साजेसं खाणंपिणं विमान कंपनीने फुकट द्यायचं. १५०० किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास, १५०० ते ३५०० ला तीन, त्यापुढच्या लांब उड्डाणांना साधारणपणे चार. झुरिक ते अथेन्स अंतर १५०० च्या थोडंसं वर. म्हणजे आमच्या वाट्याला तीन तास. रोमला जायचं असतं तर दोन तासांतच हक्क मिळाला असता! अंतर १५०० च्या वर शंभरेक किलोमीटर गेलं म्हणून पोटाने एक तास जास्त थांबायचं.

ताई थांबू शकत नव्हती, तिने पिशवीतला पाव-चीज काढलं. मी काउंटरवर गेले. तिथल्या बाईंनी आधी "हवामान आहे, आमच्या हातात नाही" असं सांगितलं. पैशाच्या भरपाईच्या बाबतीत हे उत्तर चालतं, खाण्याच्या बाबतीत चालत नाही. २०१० मध्ये आइसलँडच्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपचं आकाश बंद झालं, तेव्हा एका कंपनीने अडकलेल्या प्रवासी बाईंना जेवणखर्च नाकारला होता. युरोपीय न्यायालयाने २०१३ मध्ये निकाल दिला की कारण कितीही असामान्य असो, खाण्या-राहण्याची जबाबदारी सुटत नाही. मी न्यायालय वगैरे काही काढलं नाही. "नववं कलम" एवढंच म्हटलं आणि तीन तास होतील तेव्हा पुन्हा येते म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा व्हाउचर तयार होती.

नियमात रक्कम लिहिलेली नाही, 'साजेसं' एवढंच आहे. आमच्या व्हाउचरमध्ये गेटच्या आतल्या भावाने एक सँडविच बसलं. वर पेय घ्यायचं तर खिशातून. सँडविच आणि पाणी मिळून जे झालं त्यात व्हाउचर कमी पडलं ते पैसे मी भरले आणि पावती वेगळी ठेवली. काउंटरवरच्या मुलाने पावती हवी का विचारलं तेव्हा ताई मागून म्हणाली, "हिला द्या, हिला लागते."

सोमवार : अथेन्स

उतरायला मध्यरात्र उलटून गेली. हॉटेलला जायच्या आधी पाणी घ्यायला थांबलो. अर्ध्या लिटरची बाटली इतकी स्वस्त होती की मी दोनदा विचारलं. ग्रीसमध्ये साध्या पाण्याच्या बाटलीचा कमाल भाव सरकार ठरवून देतं आणि तो विमानतळालाही लागू आहे. स्थानकं, जहाजं, प्राचीन स्थळं, रुग्णालयं, जिथे माणूस बाहेर जाऊन दुसरं दुकान शोधू शकत नाही अशा ठिकाणी पाणी, साधी कॉफी, टोस्ट अशा मोजक्या गोष्टींना मर्यादा घातलेली आहे. उंची पेयं, मोठी ताटं हवी त्या भावाने विका, त्याला कोणाची ना नाही. मला ही वाटणी पोर्टलंडच्या नियमापेक्षाही जास्त पटली. ज्याला चैन करायची त्याने पैसे मोजावेत. ज्याला फक्त तहान लागली आहे किंवा गोळी घ्यायची आहे त्याला अडवून कोणी लुटू नये.

अॅक्रोपोलिसबद्दल ताई वेगळं लिहिणार आहे. मला तिने बजावलं आहे की त्यात पावत्या आणायच्या नाहीत.

झुरिकच्या फरकाची पावती, बोर्डिंग पास आणि उशिराच्या फलकाचा फोटो विमान कंपनीच्या अर्जाबरोबर पाठवला आहे. 'अर्ज मिळाला' असं उत्तर आलं आहे. रक्कम फार नाही, एका बाटलीच्या पैशांची गोष्ट आहे. सहा आठवडे वाट बघून पुन्हा लिहिणार आहे.